डॉ. कमलाबाई सोहोनी व देहांतील अग्नि

वऱ्हाडांतील शेतकरी पहांटे ज्वारीची भाकरी व झुणका फडक्यांत बांधून वावरांत जातो आणि दिवसभर वखर हांकून दिवेलागणीस घरीं परततो. अकोल्याच्या बाजारांतील हमाल पाठीवर तुरीचीं पोतीं वाहतो. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांत आजवर हजारों तरुणांनीं मल्लखांबावर घाम गाळला आहे. या सर्वांच्या अंगांत हें बळ येतें कोठून? अन्नापासून, असें लहान मूलहि सांगेल. परंतु भाकरीचें बळांत रूपांतर कोणत्या रीतीनें होतें, आणि खाल्लेलें अन्न लागलीच खर्च न होतां शरीरांत कोठें सांठून राहतें, असा प्रश्न केला म्हणजे भलेभले शिकलेले लोकहि घुटमळतात. या प्रश्नाच्या उत्तराची सांखळी पुष्कळ देशांच्या शास्त्रज्ञांनीं मिळून जुळविली. तींतील एक कडी जिच्या हातून जुळली ती एक मराठी मुलगी होती, आणि तिला प्रयोगशाळेचें दार उघडावयास लावण्यासाठीं प्रथम त्या दाराशींच बसावें लागलें. विद्यार्थिमित्रहो, तिचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवतांच्या घराण्यांत झाला. मराठी साहित्यांत व लोकसाहित्याच्या अभ्यासांत ज्यांचें नांव अजरामर झालें आहे त्या दुर्गाबाई भागवत यांच्या कमलाबाई या धाकट्या भगिनी. एकाच घरांतील एका बहिणीनें शब्दांचा व दुसरीनें पदार्थांचा शोध घ्यावा, हा योग मोठा नवलाचा खरा. पण त्या घरचें वातावरण पाहतां त्यांत फारसें नवल उरत नाहीं. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ होते, आणि बंगलोर येथील टाटांच्या शास्त्रसंस्थेंतून अगदीं आरंभींच्या काळांत शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकीं होते. ज्या घरांत रसायनांच्या गोष्टी जेवतांना होत असतील त्या घरच्या मुलीनें रसायनशास्त्र हाच आपला विषय ठरवावा हें स्वाभाविकच होय. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. ही पदवी त्यांनीं रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन मिळविली. आतां वडिलांच्या व चुलत्यांच्या पावलावर पाऊल ठेवून बंगलोरास जावें व संशोधन करावें, असें त्यांनीं मनाशीं योजिलें व संस्थेकडे अर्ज धाडिला.

अर्ज फेटाळण्यांत आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्जदार स्त्री आहे एवढेंच कारण. त्या वेळीं संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे होते. १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनीं साऱ्या हिंदुस्थानची मान उंच केली होती, आणि त्यांच्या पदार्थविज्ञानांतील थोरवीविषयीं कोणासहि शंका घेतां येणार नाहीं. परंतु प्रकाशाच्या किरणांत ज्या पुरुषास इतकें सूक्ष्म दिसलें त्यास एका हुषार मुलीच्या ठिकाणीं केवळ तिचें स्त्रीत्व दिसावें, ही गोष्ट चरित्रकारानें झांकून ठेवण्याजोगी नाहीं. कमलाबाईंनींहि ती झांकली नाहीं. रामन यांच्या विद्वत्तेस मान देऊनहि त्यांची दृष्टि या बाबतींत कोती होती हें त्या म्हातारपणींहि स्पष्टपणें सांगत असत.

फेटाळलेला अर्ज घेऊन त्या मुंबईस स्वस्थ बसल्या नाहींत. त्या सरळ बंगलोरास गेल्या. महात्मा गांधींच्या चळवळीचे ते दिवस होते, व संचालकांच्या कचेरीपुढें त्यांनीं सत्याग्रह केला अशी हकीकत सांगण्यांत येते. अखेरीस रामन यांनीं प्रवेश दिला, पण तो अटींवर. पहिलें एक वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी म्हणून मानावयाचें नाहीं, त्यांचें काम पाहून मग काय तें ठरवावयाचें. मार्गदर्शक सांगतील तेव्हां, रात्री-अपरात्रीं देखील, काम केलें पाहिजे. आणि त्यांच्या असण्यानें प्रयोगशाळेंतील पुरुषांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये. शेवटची अट वाचून आजच्या मुलींस हंसूं येईल. कमलाबाईंस तेव्हां हंसूं आलें नसावें. त्यांनीं अटी मान्य केल्या, कारण त्यांस दाराच्या आंत जावयाचें होतें.

आंत गेल्यावर त्यांस मार्गदर्शक मात्र चांगले लाभले. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक पण विद्यार्थ्यावर श्रम घेणारे गुरु होते. त्यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दुधांतील व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपलें तेव्हां रामन यांची खात्री पटली व त्यांस नियमित प्रवेश मिळाला. एवढेंच नव्हे, तर त्यानंतर त्या संस्थेंत इतर स्त्रियांसहि प्रवेश मिळूं लागला. पुढें हवामानशास्त्रांत नांव मिळविलेल्या अण्णा मणी या त्यांपैकींच एक होत. १९३६ सालीं कमलाबाईंनीं मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी संपादन केली. पुढच्या अभ्यासासाठीं शिष्यवृत्ति मिळवून त्या विलायतेस केंब्रिज येथें गेल्या.

येथें चरित्राचा धागा थोडा वेळ बाजूस ठेवून, ज्या विषयांत त्यांनीं तेथें काम केलें तो विषय समजून घेतला पाहिजे. नाहींतर त्यांनीं काय केलें हें केवळ नांवापुरतेंच कळेल.

आपण खाल्लेल्या भाकरींतील पिष्टमय पदार्थ आंतड्यांत पचून त्यांची द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, बनते व ती रक्तांत उतरते. त्यांतील कांहीं भाग तेव्हांच खर्च होतो. जो उरतो तो यकृतांत व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपानें सांठविला जातो. प्रौढ मनुष्याच्या यकृतांत सुमारें १०० ग्रॅम व सर्व स्नायूंत मिळून सुमारें ४०० ग्रॅम इतकाच हा सांठा असतो. घरांतील पितळी डब्यांत आठवड्याची ज्वारी काढून ठेवावी तसा हा प्रकार आहे. लागेल तेव्हां हात घालतां येतो, पण एक दिवस उपास घडला कीं यकृताचा डबा बहुतेक रिकामा होतो. खरें पेंव निराळेंच आहे. गरजेपेक्षां अधिक खाल्लेलें अन्न मेदाच्या रूपानें कातडीखालीं व पोटांत सांठतें. एक ग्रॅम पिष्टापासून किंवा प्रथिनापासून सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम मेदापासून ९. म्हणजे थोड्या जागेंत अधिक बळ सांठविण्याची युक्ति निसर्गानें मेदांत साधली आहे. कृश मनुष्याच्या अंगांतहि कांहीं आठवडे पुरेल इतका हा सांठा असतो.

परंतु पेंवांतील धान्य जसें तसेंच खातां येत नाहीं, त्याचप्रमाणें मेद किंवा शर्करा स्नायूला जशीच्या तशी वापरतां येत नाहीं. तिचें मोडतोड करून सुट्या नाण्यांत रूपांतर करावें लागतें. हें नाणें म्हणजे अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, ज्यास संक्षेपानें एटीपी म्हणतात. हा पदार्थ १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोमान यांस व अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांस मिळाला. हे सुब्बाराव आंध्र प्रांतांतले. आपल्या देशांतील एका तेलुगु पुरुषाचा व एका मराठी स्त्रीचा हात या एकाच सांखळीस दहा वर्षांच्या आंत लागावा, आणि आपल्या क्रमिक पुस्तकांत दोघांचींहि नांवें क्वचितच आढळावींत, याचें मला वाईट वाटतें. असो. शरीरांत एका वेळीं एटीपी फार थोडें, कांहीं तोळेच, असतें. पण तें अखंड मोडतें व अखंड बनतें, आणि दिवसभरांत बनलेल्या सर्व एटीपीचें वजन केल्यास तें आपल्या स्वतःच्या वजनाच्या आसपास भरेल. तुम्ही हें पान स्वस्थ बसून वाचीत आहां तरी हा व्यवहार चालूच आहे. विश्रांतीच्या स्थितींत शरीर जें बळ खर्च करतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या मेंदूकडे जातो.

आतां हें नाणें पाडलें कसें जातें? फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनीं अठराव्या शतकांतच दाखविलें होतें कीं, प्राण्याचा श्वासोच्छ्वास म्हणजे एक मंद ज्वलन आहे. प्राणवायु आंत जातो, कर्बवायु बाहेर येतो व उष्णता उत्पन्न होते. परंतु चुलींत लांकूड जळतें तसें शरीरांत अन्न एकदम भडकून जळालें तर जीवच राहावयाचा नाहीं. मोठ्या तलावाचा बांध फोडला तर पाणी एका क्षणांत वाहून जाईल व शेतेंहि खरवडून नेईल. तेंच पाणी टप्प्याटप्प्यानें खालीं उतरविलें तर प्रत्येक टप्प्यावर त्याच्याकडून काम करून घेतां येतें. पेशींत हेंच घडतें. अन्नांतून निघालेले सूक्ष्म विद्युत्कण एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे उतरत उतरत शेवटीं प्राणवायूस मिळतात व तेथें पाणी तयार होतें. या उतरणीवर जें बळ मोकळें होतें त्याच्या साहाय्यानें एटीपी कसें बनतें, याची उपपत्ति पुढें १९६१ सालीं पीटर मिचेल यांनीं मांडली.

या हातोहात देण्याच्या सांखळींत सायटोक्रोम नांवाचे पदार्थ असतात. ते लोहयुक्त व रंगीत असून रक्तांतील तांबड्या द्रव्याचे जणूं भाऊबंदच आहेत. केंब्रिज येथील डेव्हिड केलिन यांनीं १९२५ सालीं त्यांचा शोध लाविला. त्यांची रीत मोठी सुंदर होती. लहानशा वर्णपटदर्शकांतून किण्वाचें, म्हणजे यीस्टचें, दाट पाणी पाहिलें असतां त्यांत काळसर पट्टे दिसत. तेंच पाणी हवेंत घुसळलें कीं पट्टे नाहींसे होत, आणि स्वस्थ ठेविलें कीं पुन्हां उमटत. म्हणजे तो पदार्थ प्राणवायूस विद्युत्कण देई व पुन्हां अन्नाकडून घेई, हें डोळ्यांस दिसत होतें. त्यांतील सायटोक्रोम सी हा लहानसा पदार्थ एका वेळीं एकच विद्युत्कण उचलतो व पुढच्या विकरास नेऊन देतो. तो शेवटचा विकर म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायनाइडच्या विषानें मनुष्य क्षणांत मरतो तो याच ठिकाणीं. रक्तांत प्राणवायु भरपूर असतो, पण पेशींस तो घेतां येत नाहीं.

प्राण्यांत व किण्वांत ही व्यवस्था स्पष्ट दिसली. परंतु वनस्पतींचें काय? झाडेंहि श्वास घेतात हें ठाऊक होतें. पण तीं कोणत्या वाटेनें घेतात याविषयीं एकवाक्यता नव्हती. कापलेला बटाटा हवेंत काळा पडतो, तें काम करणारा विकर निराळाच आहे, आणि कित्येकांस वाटे कीं वनस्पतींचा श्वास त्याच मार्गानें चालत असावा.

कमलाबाई केंब्रिजला पोहोंचल्या तेव्हां तेथील जीवरसायनशास्त्राचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांवरील कामाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि त्यांची प्रयोगशाळा स्त्रियांस मोकळ्या मनानें जागा देणारी म्हणून त्या काळींहि प्रसिद्ध होती. बंगलोर सोडून येथें येतांना कमलाबाईंस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकानें करावी. आरंभीं त्यांनीं डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केलें व ते तेथून गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींचा अभ्यास सुरू केला. पान सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतें त्या क्रियेवरील कामामुळें ज्यांचें नांव आज प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आहे, तेच हे हिल.

हिरव्या पानांत रंग दाट असल्यामुळें वर्णपटांतील बारीक पट्टे पाहणें कठीण. बटाट्यांत ती अडचण नाहीं. शिवाय तो जमिनीखालचा सांठाच आहे. आपल्या यकृतांत जसें ग्लायकोजेन, तसें बटाट्यांत पिष्ट. पुढें फुटणाऱ्या कोंबासाठीं झाडानें राखून ठेविलेलें. पोत्यांत बंद केलेला बटाटा मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो, म्हणूनच कोंदट कोठारांत बटाट्याचा ढीग गरम होतो. अशा या साध्या, कोणत्याहि स्वयंपाकघरांत सांपडणाऱ्या कंदावर काम करून कमलाबाईंनीं दाखविलें कीं, वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम सी आहे व श्वसनाचें काम याच सांखळीनें चालतें. वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीं हिल व भागवत या दोघांच्या नांवानें एक टिपण १९३९ सालीं नेचर या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. बटाट्याचा कोंब, यीस्टचा कण व आखाड्यांतला पहिलवान हे तिघेहि एकाच रीतीनें श्वास घेतात, ही गोष्ट आज आपण सहज बोलून जातों. तेव्हां ती सिद्ध करावी लागली.

त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता, आणि तें सर्व काम सुमारें चौदा महिन्यांत उरकलें. जाडजूड प्रबंधालाच विद्वत्ता समजणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. १९३९ सालीं त्यांस पीएच.डी. मिळाली. शास्त्रांत ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, असें सामान्यतः लिहिलें जातें. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी १९३१ सालींच मिळविली होती, तेव्हां हें विधान जपून करावें हें बरें. त्यामुळें कमलाबाईंच्या कामाचें मोल तिळमात्र कमी होत नाहीं. आणखी एक गोष्ट येथेंच नमूद करण्याजोगी आहे: स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें पूर्ण पदवी व विद्यापीठाचें सदस्यत्व देण्यास खुद्द केंब्रिजास १९४८ साल उजाडावें लागलें. दारें बंगलोरासच बंद होतीं असें नव्हे.

विलायतेंत राहून पुढें जाण्याचा मार्ग मोकळा असतां त्या १९३९ सालींच स्वदेशीं परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजांत जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख व नंतर निलगिरींतील कुन्नूर येथील पोषणसंशोधन प्रयोगशाळेंत सहाय्यक संचालक म्हणून त्यांनीं काम केलें. हीच प्रयोगशाळा पुढें हैदराबादला हलविण्यांत आली व आज राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें ओळखली जाते. १९४७ सालीं त्यांचा विवाह विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशीं झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला होता. त्याची जबाबदारी त्यांनीं घेतली.

येथून पुढचें त्यांचें काम आपल्या वऱ्हाडाच्या ताटाशीं थेट जडलेलें आहे. केंब्रिजमध्यें पेशी बळ कसें काढते हें पाहिलें; आतां गरिबाच्या पेशींत तें घालावयाचें कोठून, हा प्रश्न त्यांनीं घेतला. मांस, अंडीं, दूध ज्यांस रोज परवडत नाहींत त्यांचीं प्रथिनें म्हणजे डाळी व कडधान्यें. परंतु कच्च्या कडधान्यांत कांहीं द्रव्यें अशीं असतात कीं तीं प्रथिनें पचविणाऱ्या ट्रिप्सिन या विकरासच अडवितात. अशा द्रव्यांचा भारतीय खाद्यपदार्थांत शोध घेण्याचें पुष्कळ काम कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनीं केलें. नीट शिजविल्यानें हा अडथळा बहुतांशी नाहींसा होतो. आजीबाई वाल भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून मगच वाढीत असत, त्यांत शहाणपण होतें तें हें. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो व तो तुरीच्या डाळींत भरपूर असतो, म्हणून भाकरी व वरण हीं एकत्र खाल्लीं असतां एकमेकांची उणीव भरून काढतात. नुसत्या भाकरीवर वाढणाऱ्या मुलाचें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं. तुरीचे भाव चढले म्हणजे अकोल्याच्या बाजारांत व्यापाऱ्यांची चर्चा होते. मजुराच्या घरीं वरण पातळ होतें त्याची चर्चा कोठेंच होत नाहीं.

राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचा अभ्यास हातीं घेतला. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा पहांटे काढलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलें कीं त्यांत किण्व वाढूं लागतें, व प्राणवायु पुरेसा नसतां तें साखरेचें अर्धवट ज्वलन करून मद्यार्क बनवितें. साखरेंतील बहुतेक बळ त्या मद्यार्कांतच अडकून राहतें आणि पिणाऱ्याचा संसार बुडतो तो निराळाच. ताज्या नीरेंत जीवनसत्त्वें व लोह असल्याचें कमलाबाईंनीं दाखविलें, आणि कुपोषित मुलांस व आदिवासी गरोदर स्त्रियांस ती दिल्यानें त्यांची प्रकृति सुधारते असें त्यांच्या कामांत आढळून आलें. या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटांत लहान मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षें येत आहेत. हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें कोणी समजूं नये.

ज्या संस्थेंत त्यांनीं विभाग उभारला तिच्या संचालकपदाचा मान त्यांस मिळाला, पण हक्क असूनहि चार वर्षें उशिरां. कारण पुन्हां तेंच, जें १९३३ सालीं होतें. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पास दुधाच्या प्रतीविषयीं त्या सल्ला देत असत. निवृत्तीनंतरहि त्या स्वस्थ राहिल्या नाहींत. १९६६ सालीं मुंबईंत कांहीं महिलांनीं ग्राहकांच्या हितासाठीं जी कंझ्युमर गायडन्स सोसायटी काढली तिचें काम त्यांनीं मनापासून केलें, तिच्या कीमत या मासिकांत लेख लिहिले, आणि १९८२-८३ सालीं तिचें अध्यक्षपदहि भूषविलें. केंब्रिजच्या पदवीधर बाई किराणा मालांतील भेसळीविषयीं गृहिणींस समजेल अशा भाषेंत लिहीत, हें कित्येक प्राध्यापकांस कमीपणाचें वाटलें असतें.

वृद्धापकाळीं त्यांची आठवण दिल्लीस झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्यांच्या गौरवाचा समारंभ योजिला, व सत्तर-ऐशीं वर्षांपूर्वीं वडिलांनीं घातलेल्या वळणाचें सार्थक पाहावयास त्या स्वतः तेथें उपस्थित राहिल्या. त्या समारंभांतच त्या कोसळल्या, आणि थोड्याच अवधींत, १९९८ सालीं, त्यांचें देहावसान झालें.